दोन दिवसांचं नागपूर, व्हाया मुकुटबन

शनिवार-रविवार जोडून कुठेतरी जायचं, चांगलं खायचं, जमलं तर गाणं ऐकायचं आणि थोडा इतिहास बघायचा, असं ठरलं की आपल्या पिढीची यादी तयारच असते. हैदराबाद, लखनौ, कोलकाता, फार तर पाँडिचेरी. या यादीत मी "नागपूर" असं म्हटलं की शेजारच्या खुर्च्यांवरून हसण्याचा आवाज येतो. "तिथे काय आहे? संत्री आणि ऊन!"

हसणाऱ्यांमध्ये पुण्या-मुंबईचे असतात तसे आमच्या विदर्भातलेही असतात. त्यांचं एक समजू शकतो. आमचं गाव मुकुटबन. यवतमाळ जिल्ह्याचं अगदी टोक, झरी जामणी तालुका. खाली पैनगंगा, पलीकडे तेलंगण. बाजारात मराठीइतकीच तेलुगू कानावर पडते, आणि तालुक्यात गोंड आणि कोलाम वस्ती मोठी. आमच्यासाठी नागपूर म्हणजे मोठा दवाखाना, इंजिनिअरिंगचं अ‍ॅडमिशन आणि हायकोर्टाचं खंडपीठ. म्हणजे तिथे माणूस जातो ते काम असलं की, किंवा संकट आलं की. नागपूरला कोणी "फिरायला" जाऊन राहिलाय असं मुकुटबनच्या स्टँडवर सांगितलं तर लोक आधी विचारतील, "कोण अ‍ॅडमिट आहे?" :)

म्हणूनच हा लेख. ही दोन दिवसांची योजना आहे, पण ठिकाणांची यादी देऊन मी थांबणार नाही (ती कुठल्याही नकाशात मिळते). या शहरात खाणं, गाणं आणि इतिहास या तीन वेगळ्या गोष्टी नाहीत. एकच धागा आहे आणि तो ओढला की बऱ्याच अवघड गोष्टी सोबत बाहेर येतात. त्यातली सगळ्यात अवघड अशी की हे शहर ज्यांनी वसवलं आणि ज्यांनी खाऊ घातलं, ते आज त्याच शहरात आपण कोण आहोत याचे कागद दाखवत फिरतात.

तर सुरुवात रस्त्यापासून.

पूल ओलांडताना

मुकुटबन ते नागपूर साधारण दीडशे किलोमीटर. आधी वणी, मग वरोरा, मग सरळ नागपूर. वणी आणि वरोरा यांच्यामध्ये वर्धा नदी लागते. बसमध्ये बहुतेक लोक या वेळी झोपलेले असतात किंवा मोबाईलमध्ये असतात. तुम्ही झोपू नका, कारण हा पूल म्हणजे शंभर वर्षं टिकलेली सरहद्द आहे.

१८०३ च्या नोव्हेंबरात अडगावच्या लढाईत नागपूरकर भोसल्यांचा इंग्रजांकडून पराभव झाला. डिसेंबरमध्ये देवगावचा तह झाला आणि दुसऱ्या रघूजींना वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा मुलूख सोडावा लागला. तो गेला निजामाकडे. त्यामुळे आमच्या बाजूचा वऱ्हाड निजामाचा आणि पलीकडचा चांदा-नागपूर भोसल्यांचा. पुढे १८५३ मध्ये निजामाने कर्ज आणि फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे सोपवला. १९०२ मध्ये तो कायमच्या भाडेपट्ट्याने दिला आणि १९०३ पासून वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला. आमच्या जिल्ह्याचं नावही तेव्हा यवतमाळ नव्हतं. १९०५ पर्यंत तो "वूण" जिल्हा होता. वूण म्हणजे आपली वणीच, इंग्रजी तोंडातून आलेली.

गंमत बघा. कागदोपत्री मालक निजाम, कारभार इंग्रजांचा, सरकारी कचेरी पुढे नागपूरला. आपल्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर एकाचा, लॉगिन दुसऱ्याचं आणि बिल तिसऱ्याच्या नावावर. मुकुटबनच्या शेतकऱ्याला यातलं किती कळत असेल? त्याला एवढंच कळत होतं की सारा कोणाला भरायचा. आणि कापूस कुठे जातो ते. त्या कापसाकडे आपण परत येऊच.

शनिवार सकाळ : पहिला मालक

नागपूर कोणाचं असं विचारलं तर दहातले नऊ जण भोसल्यांचं नाव घेतात. पण हे शहर वसवलं गोंड राजाने. देवगडचा राजा बख्त बुलंद शाह. देवगड म्हणजे आजच्या मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यातलं. हा राजा औरंगजेबाच्या दरबारात गेला, इस्लाम स्वीकारला, नाव मिळवलं, राज्य मिळवलं, आणि पुढे त्याच बादशहाशी भांडलाही. साधारण १७०२ च्या सुमारास त्याने नाग नदीकाठच्या बारा वाड्या एकत्र करून नागपूर वसवलं. या वाड्यांचं जुनं नाव राजापूर बारसा. त्याने बाहेरून कारागीर, शेतकरी, व्यापारी आणून बसवले. आजच्या शब्दात सांगायचं तर टॅलेंट बोलावलं.

त्याच्या मागून आलेल्या चांद सुलतानाने राजधानीच देवगडहून नागपूरला हलवली, शहराला तट बांधला आणि एक मोठा तलाव केला. तो जुम्मा तलाव, म्हणजेच आजचा गांधीसागर. तटाचा जुम्मा दरवाजा आज गांधी गेट म्हणून ओळखला जातो. शनिवारी सकाळी सामान टाकलं की आधी इथे या. गांधी गेटखालून रोज हजारो स्कूटर जातात. मान वर करून बघणारे थोडे. या दरवाजाच्या दोन्ही नावांमधून गोंड राजा गायब आहे, एवढं लक्षात ठेवा आणि पुढे चला.

चांद सुलतान १७३८-३९ च्या सुमारास वारला आणि घरात वारसाहक्काचं भांडण सुरू झालं. राणी रतनकुंवरने वऱ्हाडातून रघूजी भोसल्यांना मदतीला बोलावलं. रघूजी आले, मदत केली, मोबदला घेतला आणि परत गेले. मग दोन भावांचं आपसात जुंपलं, पुन्हा बोलावणं गेलं, आणि या वेळी, १७४३ मध्ये, रघूजी परत गेले नाहीत. मदतीला आलेला पाहुणा घरचा कारभारी झाला. बुऱ्हाण शाह हा गोंड राजा मात्र गादीवरून पुसला गेला नाही. त्याला तनखा मिळाला, राजा ही पदवी राहिली आणि सत्ता सगळी भोसल्यांकडे गेली. नाव गोंडांचं ठेवून राज्य करणं भोसल्यांना सोयीचं होतं, कारण बाजूच्या मुलखात लोक अजून गोंड राजालाच ओळखत होते.

मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. आमच्या तालुक्यातल्या गोंड मुलाला शाळेत शिवाजी महाराज शिकवतात, पेशवे शिकवतात, पानिपत शिकवतात. ज्या शहरात तो कामासाठी जातो, ते शहर त्याच्याच एका राजाने वसवलं, हे त्याला कोणी सांगत नाही. सिव्हिल लाइन्समध्ये विधानभवनाजवळ बख्त बुलंद शाहांचा पुतळा आहे. जरूर बघा. पण तीनशे वर्षांच्या शहराच्या संस्थापकाची ओळख एका चौकापुरती उरावी, हे मनाला लागतं.

दुपार : नगारखाना आणि टेकडी

गांधी गेटपासून महाल भाग पायी फिरण्यासारखा आहे. भोसल्यांचं नागपूर ते हेच. काळ्या दगडाचा, कोरीव लाकूडकामाचा त्यांचा जुना राजवाडा १८६४ मध्ये आगीत भस्म झाला. उरला तो मोठा दरवाजा, म्हणजे नगारखाना. राज्य गेलं, वाडा जळाला आणि वाजवायची जागा तेवढी शिल्लक राहिली. खाणं-गाणं-इतिहासाच्या सहलीत याहून नेमकी जागा शोधून सापडणार नाही.

राज्य गेलं कसं, तेही थोडक्यात. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई झाली. एका बाजूला आप्पासाहेब भोसल्यांची मोठी फौज, दुसऱ्या बाजूला इंग्रजांची छोटी तुकडी. इंग्रज जिंकले. मग टेकडीवर किल्ला उठला, तो आजही आहे आणि सैन्याच्या ताब्यात आहे. लोकांसाठी तो वर्षातून मोजकेच दिवस उघडतो : २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट. तारखा जुळल्या तर नक्की चढा. वर १८५७ च्या उठावात फाशी गेलेल्या नवाब कादर अली आणि त्यांच्या साथीदारांच्या कबरी आहेत.

तिसरे रघूजी डिसेंबर १८५३ मध्ये निपुत्रिक वारले. डलहौसीने दत्तक नाकारून १८५४ मध्ये राज्य खालसा केलं. झाशीचं खालसा होणं आपल्या सगळ्यांना पाठ आहे, कारण झाशीला लढाई झाली. नागपूरला लिलाव झाला. राजवाड्यातले हत्ती, घोडे, बैल पडेल त्या भावाने विकले गेले आणि राण्यांचे दागिने कलकत्त्याला नेऊन विकले. लढाईचे पोवाडे होतात, लिलावाचे होत नाहीत. त्यामुळे ते विसरलं जातं.

पण नागपूरच्या सामान्य माणसाने ते आपल्या पद्धतीने लक्षात ठेवलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे मारबतींची मिरवणूक निघते. १८८० च्या दशकापासून चालत आलेली. एक काळी मारबत, एक पिवळी, आणि सोबत त्या-त्या वर्षीच्या चोरांचे, भ्रष्टाचाऱ्यांचे, महागाईचे पुतळे, म्हणजे बडगे. काळी मारबत म्हणजे भोसले घराण्यातली बाकाबाई, जी इंग्रजांना जाऊन मिळाली, असं लोक सांगतात. बाकाबाईवर हे किती न्याय्य आहे हा वेगळा वाद. पण एका राज्याच्या खालसा होण्याचा राग ढोल-ताशाच्या गजरात दरवर्षी गावाबाहेर नेऊन जाळणारं दुसरं शहर मला तरी माहीत नाही. ट्विटर यायच्या सव्वाशे वर्षं आधी नागपूरला ट्रोलिंगचा अधिकृत सण होता!

शनिवार रात्र : सावजी

आता खाणं. आणि तो कापूस.

नागपूरला जाऊन सावजी न खाता परत आलात तर जाऊ नका. सावजीचं मटण म्हणा, खूर म्हणा, किंवा शाकाहारी असाल तर पाटवडी रस्सा आणि डाळकांदा. रस्सा जवळजवळ काळा, वर तेलाचा तवंग. मसाल्यात धणे, खसखस, सुकं खोबरं, मिरे, लवंग, दगडफूल, सगळं भाजून वाटलेलं. जुन्या पद्धतीत जवसाचं तेल. पहिल्या घासाला चव कळते, दुसऱ्याला घाम येतो, तिसऱ्याला माणूस गप्प होतो. वाढणारा विचारतो, "दादा, तर्री टाकू का अजून?" या प्रश्नाला फुशारकीने हो म्हणू नये, एवढाच सल्ला.

आता हे जेवण कोणाचं? हलबा कोष्टी समाजाचं. कोष्टी म्हणजे विणकर. धोतरं, लुगडी, रेशीमकाठी कापड विणणारे. नागपूरचं कापड दूरवर जायचं. गोळीबार चौक, पाचपावली, इतवारी हा सगळा पट्टा मागांच्या आवाजाचा. दिवसभर खड्ड्यात पाय सोडून माग चालवणाऱ्या माणसाचं हे जेवण : थोड्या मटणात जास्त रस्सा, आणि त्या रश्श्यात जास्त भाकरी.

मग आली गिरणी. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. जमशेटजी टाटांनी कापूस पिकतो तिथेच गिरणी काढायची म्हणून मुंबई सोडून नागपूर निवडलं. १ जानेवारी १८७७ ला, म्हणजे व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचं जाहीर झालं त्याच दिवशी, एम्प्रेस मिल सुरू झाली. नाव तिथूनच आलं. टाटांचा हा पहिला मोठा उद्योग. जमशेदपूर, वीज, हॉटेलं हे सगळं नंतरचं. वऱ्हाडातला, आमच्या वणी-यवतमाळ भागासारख्या मुलखातला कापूस हा या गिरणीचा कच्चा माल. माझा पणजोबा बैलगाडीत भरायचा तोच.

गिरणीने हातमागाला गिळलं, ही गोष्ट जगभर घडली. मँचेस्टरने ढाक्याचं केलं, एम्प्रेसने गोळीबार चौकाचं केलं. विणकर हळूहळू गिरणी कामगार झाला. मग गिरणीलाही दुसऱ्या कोणीतरी गिळलं. १९८६ मध्ये ती सरकारी महामंडळाकडे गेली, २००२ मध्ये बंद पडली. त्या जागेवर आता मॉल आहे. आधी माग गेला, मग गिरणी गेली, आणि ज्या घरांमध्ये काहीच उरलं नाही तिथे स्वयंपाकघर उरलं. घरातल्या बायकांच्या हातची चव बाहेरच्या खोलीत चार टेबलं टाकून विकायला लागली. आज सावजी हा शब्द पुण्या-मुंबईच्या पाट्यांवर दिसतो. लिहिणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा विणकामाशी संबंध नसतो.

आणि आता ती अवघड गोष्ट. अनुसूचित जमातींच्या यादीत "हलबा" आहे. हलबा कोष्टी समाजाचं म्हणणं असं की आम्ही मूळचे हलबा, विणकाम हा आमचा धंदा, कोष्टी हे धंद्याचं नाव. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर जो मोठा ग्रंथ काढला, त्यातही या नात्याची चर्चा आहे. सरकारने कधी दाखले दिले, कधी नाकारले. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की यादीत जे लिहिलंय तेवढंच वाचायचं, "हलबा" मध्ये "हलबा कोष्टी" येत नाही. आधी पक्क्या झालेल्या प्रवेशांना आणि नेमणुकांना धक्का लावू नये असंही म्हटलं. पण त्यानंतर नोकऱ्या, पदोन्नत्या, दाखल्यांची पडताळणी यांच्यात हजारो घरं अडकली.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. गडचिरोलीतल्या जंगलातला हलबा किंवा आमच्या झरीतला कोलाम म्हणतो की शहरातला शिकलेला समाज यादीत आला तर आमच्या मुलांच्या वाट्याला काय उरणार? या प्रश्नाला माझ्याकडे सोपं उत्तर नाही आणि ज्यांच्याकडे आहे त्यांच्यावर माझा फारसा विश्वास नाही. मला फक्त एवढं दिसतं की तीच माणसं ताट वाढताना "अस्सल" ठरतात आणि खिडकीवर दाखला मागताना "संशयित". ताटावर बसलेल्या आपल्याला हे माहीत असावं. त्याने रश्श्याची चव कमी होत नाही.

रविवार सकाळ : शून्य आणि एकशे चौदा

सकाळी तर्री पोहे. पुण्याचे पोहे म्हणजे वरून खोबरं-कोथिंबीर (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, त्यामुळे नागपुरात "सांबारवडी" मागवून इडलीच्या सांबाराची वाट बघत बसू नका). नागपूरचे पोहे म्हणजे पोह्यांवर हरभऱ्याची लालभडक तर्री, वर कच्चा कांदा. टपरीवर उभं राहून, कागदाच्या प्लेटमध्ये. आठच्या आत गेलात तर गरम मिळतात.

तिथून मेट्रोने झिरो माइल. (नागपूरची मेट्रो २०१९ मध्ये सुरू झाली. उन्हाळ्यात तिची किंमत कळते.) इथे दगडी खांब आणि चार घोडे आहेत. "हा भारताचा मध्यबिंदू" असं सगळे सांगतात आणि सगळे फोटो काढतात. खरं तर हा इंग्रजांच्या ग्रेट ट्रिग्नॉमेट्रिकल सर्व्हेचा संदर्भबिंदू, १९०७ चा. त्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची कोरली आहे आणि हैदराबाद, चांदा, जबलपूर अशा गावांची अंतरं आहेत. आपल्या धंद्यातल्या माणसाला ही जागा आवडायला हवी : सगळा देश मोजायचा तर आधी एक शून्य ठरवावं लागतं. शून्य कुठे ठेवायचं ते मोजणारा ठरवतो, मोजला जाणारा नाही.

झिरो माइलच्या जवळच दुसरं एक स्मारक आहे. फोटो काढणारी गर्दी तिथे नसते. आदिवासी गोवारी शहीद स्मारक. गोवारी म्हणजे गुरं राखणारा समाज. त्यांची मागणी अशी होती की आम्हाला अनुसूचित जमातीच्या सवलती द्या. २३ नोव्हेंबर १९९४ ला, हिवाळी अधिवेशन चालू असताना, विधानभवनावर हजारोंचा मोर्चा आला. संध्याकाळपर्यंत भेटायला कोणी आलं नाही. मग पोलिसांनी गर्दी हटवायला सुरुवात केली, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं गेली. त्यात बायका आणि लहान मुलं मोठ्या संख्येने. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोवारींच्या बाजूने निकाल दिला. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. पुन्हा तोच यादीतला शब्द : "गोंड गोवारी" म्हणजे गोवारी नव्हे.

गोंड राजाचा पुतळा इथून फार दूर नाही. ज्या शहराचा पहिला राजा गोंड, त्या शहरात "गोंड" हा शब्द आपल्या नावापुढे लागावा म्हणून लोक चेंगरून मेले. मी सहलीच्या लेखात हे का लिहितोय, असं कोणी विचारेल. कारण दोन ठिकाणं पाच मिनिटांच्या अंतरावर आहेत आणि त्यातलं एकच आपल्या फोनमध्ये जातं.

मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे नागपूरकरांचा अजब बंगला, १८६३ चा. सोमवारी बंद, रविवारी चालू. आदिवासी दालनात वेळ द्या. आपल्या गावात शेजारच्या घरी दिसणाऱ्या वस्तू काचेमागे बघताना विचित्र वाटतं. मला तरी तसं वाटलं.

गाणं कुठे ऐकायचं

गाण्याचा प्रश्न अवघड, कारण नागपूरला "घराणं" नाही. पण गाणारे आहेत. डॉ. वसंतराव देशपांडे जन्मले मूर्तिजापूरला (१९२०), पण वाढले आणि शिकले नागपूरला, शंकरराव सप्र्यांकडे. लहानपणीच १९३५ च्या 'कालिया मर्दन' चित्रपटात कृष्ण झाले. नंतर कितीतरी वर्षं पुण्याला मिलिटरी अकाउंट्समध्ये कारकुनी केली आणि ती करता-करता गात राहिले. 'कट्यार काळजात घुसली' मधले खाँसाहेब रंगमंचावर आले ते १९६७ मध्ये, म्हणजे वसंतराव सत्तेचाळीस वर्षांचे असताना. नोकरी करून छंद जपणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा आकडा टेबलासमोर चिकटवून ठेवावा. सिव्हिल लाइन्समध्ये त्यांच्या नावाचं सभागृह आहे. जाण्याआधी तिथला आणि रेशीमबागेतल्या सुरेश भट सभागृहाचा (२०१७) कार्यक्रम बघून घ्या. गझलसम्राट अमरावतीचे, पण त्यांचा शेवट नागपुरातच झाला, २००३ मध्ये.

आणखी एक. २०२३ मध्ये 'गर्जा महाराष्ट्र माझा' हे राज्यगीत झालं. लिहिणारे राजा बढे नागपूरचे. १९५६ पर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशची राजधानी होती. ती गेली. बदल्यात १९५३ च्या नागपूर करारातून वर्षाला एक अधिवेशन मिळालं. वेगळ्या विदर्भाच्या घोषणा ज्या शहरात सगळ्यात जास्त ऐकू येतात, त्याच शहराच्या कवीने महाराष्ट्राचं गीत लिहिलं! याला विरोधाभास म्हणा किंवा नागपुरी मोठं मन म्हणा.

पण मला विचाराल तर नागपूरचं खरं आजचं संगीत दीक्षाभूमीच्या वाटेवर आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला, दसऱ्याला, बाबासाहेबांनी इथे लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. आजचा भव्य स्तूप २००१ मध्ये खुला झाला. दसऱ्याच्या दिवसांत इथे पुस्तकांचे स्टॉल लागतात आणि भीमगीतं वाजतात. कव्वालीच्या ठेक्यावर, पोवाड्याच्या चालीवर, आता डीजे आणि रॅपवरही. आधी जलसे, मग कॅसेट, मग सीडी, आता यूट्यूब. माध्यम बदललं, श्रोता तोच राहिला. ज्या समाजाला शतकानुशतकं दवंडी पिटायचं काम दिलं होतं, त्याने वाद्य हातात घेऊन स्वतःचा इतिहास सांगायला सुरुवात केली. इतिहास हा विषय ऐकायचा असेल तर याहून चांगली जागा नाही. सभागृहातल्या तिकिटाची गरज नाही, एका बाजूला उभं राहून ऐकायचं.

पूर्व विदर्भाकडची खडी गंमत किंवा दंडार बघायला मिळाली तर भाग्यच. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र नागपुरातच आहे, १९८६ पासून. थंडीत त्यांच्या आवारात लोककलांचे कार्यक्रम होतात. आमच्या भागातल्या गोंडांचं ढोलावरचं नृत्य मात्र शहरात मंचावर दहा मिनिटं असतं आणि गावात रात्रभर. फरक कळायला हवा असेल तर दिवाळीत मुकुटबनकडे या. सिमेंटच्या कारखान्याची (२०२२ पासून आमची नवी ओळख!) चिमणी दिसली की गाव आलं समजा.

कधी जायचं

मे महिन्यात नाही. पारा पंचेचाळीसवर गेल्यावर सावजी खाणं ही आत्महत्या आहे. डिसेंबरात हवा उत्तम, पण अधिवेशनाच्या काळात हॉटेलं मिळत नाहीत आणि मोर्च्यांमुळे सिव्हिल लाइन्सचे रस्ते अडतात. दसऱ्याला दीक्षाभूमीसाठी जायचं तर राहण्याची सोय आधी नातेवाइकांकडे बघा. मारबत बघायची असेल तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी इतवारीत उभं राहा, रजा टाकावी लागली तरी चालेल. बाकी जानेवारी-फेब्रुवारी सगळ्यात बरं : संत्री बाजारात, ऊन सुसह्य, आणि २६ जानेवारी जोडून आली तर किल्लाही उघडा.

दोन दिवस, दोन रात्री, मेट्रो, रिक्षा आणि बरंच चालणं. खर्च हैदराबादच्या निम्म्यानेही होणार नाही. वेळ उरला तर एक काम करा. सावजी भोजनालयात बिल देताना मालकांना विचारा, "काका, घरी माग होता का?" घाईची वेळ नसेल तर ते बसून सांगतात. किती पिढ्यांपूर्वी कुठून आले, आजोबा काय विणायचे, माग कधी विकला. हे कुठल्याही पुस्तकात नाही, आणि सांगणारी पिढी आता साठीच्या पुढे आहे.